कागद वाळायला किती वेळ लागतो

नमस्कार मंडळी. मागे आवाज पोचतोय ना? तेवढा हा कोपऱ्यातला पंखा कुणीतरी बंद करा, टेबलावरचे कागद उडतायत आणि त्यातला एक मला शेवटी तुम्हाला दाखवायचाय.

पत्रिकेत विषय छापलाय 'ऋतू, समुद्र आणि चित्रकाराची प्रेरणा', आणि प्रवासात स्केचबुक कसं वापरायचं तेही सांगेन असं मी कबूल केलंय, ते सांगणारच आहे. पण एक गोष्ट फार दिवस मनात आहे ती आधी बोलू द्या. कोकणाचं चित्र म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? निळं पाणी, वाकडा माड, एक होडी आणि केशरी सूर्य. हसताय म्हणजे तुमच्याही भिंतीवर आहे! मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आपल्या कराडची मुलं, ज्यांनी समुद्र कधी पाह्यलेलाच नसायचा, तीसुद्धा हेच काढायची. मुलांचं ठीक आहे हो. पण आपण मोठी माणसं चार-पाच तास एसटीत बसून समुद्रावर जातो आणि तिथे वाळूत बसूनही तेच काढतो, समोर जे आहे ते नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी गेली 14 वर्षं गुहागरला जाते. दक्षिणेकडे असगोलीच्या बाजूला किनाऱ्यावर एक सुरूचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी माझी जागा. तीच जागा, तेच झाड, समोर तीच क्षितिजाची रेघ. लोक म्हणतात बाई कंटाळा नाही येत का, दापोलीला जा, मालवणला जा, तिकडे पाणी काय सुंदर आहे. असेल ना. पण एक जागा बारा महिने बघितल्याशिवाय तिथला ऋतू कळत नाही असं माझं ठाम मत झालंय. दहा जागा डिसेंबरातच बघितल्या तर तुम्ही एकच डिसेंबर दहा वेळा बघितलात.

आता वाटेचंच बघा. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, चिपळूण. फेब्रुवारी-मार्चात जाल तर घाटात सावर आणि पांगारा फुललेला, पानं नाहीत नुसता लाल रंग, आणि जुलैत जाल तर समोरचा दहा फूट रस्ता दिसत नाही. आणि एक गंमत सांगते, आपल्या कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून पुढे वाशिष्ठीत सोडतात, म्हणजे आपल्या पाटणच्या डोंगरावर पडलेला बराचसा पाऊस देशावर न येता दाभोळच्या खाडीत जातो. पावसाळ्यात दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून जा कधी. खाडीचं पाणी तांबूस, घट्ट, चहात दूध जास्त झाल्यासारखं, आणि मुखाकडे बघितलं की जिथे ते समुद्राला भिडतं तिथे एक रेघ दिसते, अलीकडे विटकरी, पलीकडे शेवाळी राखाडी. ती रेघ मी पहिल्यांदा बघितली तेव्हा बोटीवर उभ्या उभ्या हातातल्या तिकिटाच्या मागे पेन्सिलीने काढून घेतली. याला कुणी प्रेरणा म्हणत असेल तर म्हणू दे. मला तर ती रेघ निसटेल एवढीच भीती होती.

हं, तर आता एका कॅलेंडरची गोष्ट. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने मला कॅलेंडरसाठी 12 चित्रं मागितली, विषय कोकण किनारा. मला इतका आनंद झाला, कारण 12 चित्रं म्हणजे 12 महिने, माझ्यासाठीच काढलेला विषय! मी वर्षभर खपले. जानेवारीचं सकाळचं पाणी, मतलई वारा जमिनीकडून येतो ना तेव्हा समुद्र कसा काचेसारखा होतो, ते. मेमधलं पांढुरकं आभाळ, सगळा रंग उन्हाने धुऊन काढल्यासारखा. जूनचा मृगाचा ढग. जुलैत वर ओढून ठेवलेल्या होड्या, माडाच्या झापांनी शाकारलेल्या, जणू छोटी छोटी घरंच किनाऱ्यावर बांधलीत. सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, फुललेली सीतेची आसवं, ती जांभळी निळी इवलीशी फुलं, आणि मागे समुद्राची नुसती पट्टी. बाराही चित्रं दिली आणि आठवड्यात सात परत आली. का? तर निळी नाहीत. 'मॅडम, लोकांना बघून फ्रेश वाटलं पाहिजे.' मी म्हटलं अहो जुलै आहे तो, जुलैत समुद्र निळा नसतो, तर म्हणाले जुलैत लोक ऑफिसात बसलेले असतात, त्यांना काय कळतंय.

मला ते वाक्य फार लागलं. चित्रं परत आल्याचं नाही एवढं, परत येतात चित्रं. पण लोकांना कळत नाही हे त्यांनी इतक्या सहज ठरवून टाकलं. छापलेलं कॅलेंडर मला पुढच्या वर्षी गुहागरातच एका चहाच्या टपरीवर लटकलेलं दिसलं. जुलैच्या पानावर दुसऱ्याच कुणाचं चित्र, निळाशार समुद्र आणि त्यात शिडाची होडी मजेत चाललेली. तिथे एक कोळीण मावशी टोपली टेकवून चहा पीत होत्या, त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या आणि मग टपरीवाल्याला म्हणाल्या, 'जुलय म्हैन्यात ही होडी चाललीय कुठं रे?' अहो, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, आणि शिडाच्या होडीला ती बंदी नसली तरी त्या उसळलेल्या समुद्रात कोण अशी शीड लावून जाणार? लोकांना कळतं. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना तर एका नजरेत कळतं.

(चिठ्ठी आलीय. पंधरा मिनिटं. बरं.)

आता माझा खरा मुद्दा. ऋतू चित्रात येतो तो फक्त ढग आणि फुलं म्हणून येतो असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. एकदा मी श्रावणात गेले, एका ओळखीच्या आजींच्या घरी उतरले होते, आणि पडवीत बसून सकाळी आभाळाचा पहिला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, टाकला. जलरंगात एक वॉश वाळायच्या आधी दुसरा टाकला तर रंग एकमेकांत पसरतात, म्हणून थांबावं लागतं, आपल्या कराडला एप्रिलात टाकला तर पाणी आणायला आत जाऊन येईपर्यंत वाळतो. इथे अर्धा तास झाला, तास झाला, कागद ओलाच. 300 जीएसएमचा जाड कागद, हाताला गार लागत होता, मी नुसती त्याच्याकडे बघत बसलेली. आजी म्हणाल्या, 'असा काय वाळणाराय तो, आण हिकडं.' आणि त्यांनी तो चुलीच्या वैलावर, भाताचं भांडं उतरवलं होतं तिथे, जरा वर धरला, पापड भाजताना फिरवतात ना तसा फिरवत फिरवत. कागद वाळला. पण तोवर त्या तासाभरात रंग कागदावर स्वतःच सरकत राह्यला होता, ढगाची एकही कड टोकदार राह्यली नव्हती, क्षितिज तर कुठे संपलं ते मलाच सापडेना. आणि मी मान वर करून बाहेर बघितलं तर बाहेरही तसंच होतं!

म्हणजे जी हवा समोरचं क्षितिज पुसत होती तीच हवा माझ्या कागदावरची रेघ पुसत होती. मी काढलं नव्हतं ते, श्रावणाने काढलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक चित्रामागे लिहून ठेवते, वॉश वाळायला किती वेळ लागला. मेमध्ये दुपारी चार मिनिटं, त्यामुळे कडा कडक येतात, सावल्या कापल्यासारख्या, आणि मेचं ऊन असतंच तसं. हे घरी बसून, फोनमधला फोटो समोर ठेवून, पंख्याखाली काढलं तर कसं येणार? फोटो जुलैचा असेल पण कागद तर कराडच्या ड्रॉइंग रूममध्ये वाळतोय.

म्हणून मी इंग्रजी महिन्यांपेक्षा नक्षत्रं बघते. शेतकऱ्याला विचारा, पाऊस त्याच्यासाठी एक नसतो. साधारण 13-14 दिवसांचं एकेक नक्षत्र, मृगाचे उंच काळे ढग वेगळे, आर्द्रा-पुनर्वसूचं सपाट राखाडी आभाळ वेगळं, आणि हस्त म्हणजे आपला हत्तीचा पाऊस, सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर गडगडाट. चित्रकाराला याहून चांगलं वेळापत्रक कोण देणार!

समुद्राचं वेळापत्रक तिथीवर. कोकणातला हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आणि मोठ्या भरतीला उधाण, छोट्या भरतीला भांग. त्या टपरीवरच्या कोळीण मावशींनीच मला सांगितलं, 'उधाण सरू दे, पानी निवळंल, तवा ये.' उधाणाला तळ ढवळतो, पाणी गढूळ होतं, भांगाला निवळतं. म्हणजे एकाच महिन्यात पाण्याचे दोन रंग, आणि ते पंचांगात आधीच कळतात!

भरती न बघितल्याने काय होतं ते फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला विचारा. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर एत्रता म्हणून गाव आहे, पांढऱ्या खडूच्या कड्यांचं, तिथे आपल्यापेक्षा पाणी कितीतरी जास्त चढतं. नोव्हेंबर 1885 मध्ये तो कड्याखाली बसून रंगवत होता, पाणी ओसरतंय अशा समजुतीत, आणि लाटेने त्याला कड्यावर आपटलं, घोडा, रंग सगळं घेऊन गेली. घोडा म्हणजे ईझल हो, चित्राचा! तो वाचला, आणि नंतरही तिथेच रंगवत राह्यला. त्याच गावात लेखक मोपासाँने त्याला बघितलं होतं, मागे मुलं पाच-सहा कॅनव्हास घेऊन चाललेली, विषय एकच पण प्रत्येक कॅनव्हास वेगळ्या वेळेचा, ऊन बदललं की कॅनव्हास बदलायचा. आणि इतकं लांब कशाला, आपल्या शेजारी कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमान, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, 1931 साली गेले, त्यांनी कोटीतीर्थाचा तलाव किती वेळा रंगवला! गावातलाच तलाव, पण एक चित्र दुसऱ्यासारखं नाही. कोल्हापूरला गेलात तर त्यांची चित्रं शोधून बघा, माझ्यासाठी बघा.

आता पाचच मिनिटं म्हणतायत, तर स्केचबुक भराभर. पानावर सगळ्यात आधी तारीख, तिथी, वारा खारा, म्हणजे समुद्राकडचा, की मतलई, आणि वॉश वाळायला लागलेला वेळ. रंग फोनवरून घेऊ नका, फोन स्वतःच्या मनाने राखाडीला निळं करतो, तिथेच बसून पानाच्या कडेला रंगाचे ठिपके टाका, आभाळ, पाणी, ओली वाळू, कोरडी वाळू, चार ठिपके पुरे. राखाडी ट्यूबमधून घेऊ नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, पावसाळ्यात निळं जास्त, मेमध्ये तांबडं जास्त. समुद्राचं पाणी रंगात वापरू नका, मीही उत्साहाने वापरलं होतं, मीठ कागदात राहतं आणि दर पावसाळ्यात तो कागद पुन्हा ओलसर होतो. ओहोटी सुरू झाल्यावर खडकावर उतरा आणि पाणी फिरायच्या आधी वर या, हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर तर हे विसरूच नका. एका पानाला दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि निदान एकदा पावसात जा. छत्री धरायला कुणालातरी सोबत न्या.

प्रश्न बाहेर चहाच्या वेळी घेऊ, सभागृह द्यायचंय. तो श्रावणातला कागद इथे डाव्या बाजूला आहे, हात पुसून या आणि अगदी जवळ नेऊन वास घ्या, इतकी वर्षं झाली पण चुलीच्या धुराचा वास अजून गेलेला नाही. खालच्या कडेला पिवळसर डाग दिसेल, तो आजींच्या अंगठ्याचा.