टीव्हीवर तेच चालू असते, मग राजकीय कादंबरी काऊन वाचायची?

नमस्कार राजेहो. मागं पऱ्हाटीत वेचणी चालू आहे, बायांच्या गप्पा ऐकू येतील, तिकडं लक्ष देऊ नका. आज पुस्तकाचं बोलू.

आपल्याकडं वाचणाऱ्याचं ठरलेलं असते. कुणी पोथी, कुणी शिवचरित्र, कुणी ग्रामीण कादंबरी. राजकीय थरारकादंबरी पुढं केली की म्हणतात, "काऊन वाचू बाप्पा? टीव्हीवर तेच तर चालू असते."

टीव्हीवर शपथविधी दिसतो. शपथविधीच्या आधी कोणाची गाडी रात्री कोणाच्या दारात उभी होती, ते कादंबरीत वाचायला मिळते.

सुरुवात अरुण साधूंच्या 'सिंहासन'पासून करा. साधू आपल्या परतवाड्यात जन्मले, पुढं मुंबईत पत्रकार झाले. कादंबरी १९७७ ची. १९७९ मध्ये जब्बार पटेलांनी ही आणि साधूंचीच 'मुंबई दिनांक' मिळून सिनेमा काढला. त्यातला निळू फुलेंचा पत्रकार दिगू टिपणीस तुम्ही पाहिला असेल. मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढायला त्याचाच अर्थमंत्री निघालेला आहे, म्हणजे शत्रू घरातलाच. शेवट सांगत नाही.

आता यात थरार कुठून येतो? आपल्या गावात उपसरपंचावर अविश्वास येतो तेव्हाचं आठवा. नोटीस तहसीलदाराकडं गेली, की ठरावाला लागतील तेवढी डोकी जमवायची. सभेच्या दोन दिवस आधी तीन सदस्य एकाएकी माहूरगडाच्या दर्शनाला निघतात. एका बोलेरोत. फोन बंद. घरी विचारलं तर बायको म्हणते, "देवाले गेले." पारावर सगळ्यांना माहीत असते, देव कोणता अन् डिझेल कोणाचं. माहीत नसते ते एकट्या उपसरपंचाला. तो आपला सभेसाठी शर्ट इस्त्री करून घेते.

बस, हाच थरार. वाचणाऱ्याला कळलेलं असते, पात्राला अजून कळायचं असते. म्हणून "कोण जिंकेल" हा प्रश्न बाजूला ठेवा अन् प्रत्येक प्रकरणाला विचारा, ही गोष्ट आता कोणाकोणाला माहीत झाली? तुम्ही पारावर बसलेली माणसं आहात, ही विद्या तुम्हाला पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा जास्त येते.

नावांचा मात्र सुरुवातीला गोंधळ होतो. एक कागद घ्या. नाव, खुर्ची आणि कोणाचा माणूस, एवढं लिहा. वाचनालयाचं पुस्तक असेल तर त्याच्या कोऱ्या पानावर लिहू नका, ग्रंथपाल बोंबलेल.

अजून एक ध्यानात ठेवा. 'सिंहासन' आली तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता, तो आला १९८५ मध्ये. त्याआधी पक्ष सोडला म्हणून आमदारकी जात नसे. कायदा आला तरी एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर चालायचं. ती पळवाट २००३ च्या घटनादुरुस्तीनं काढली. आता दुसऱ्या पक्षात विलीनीकरण म्हणायचं तर दोन तृतीयांश लागतात. हे माहीत असलं की साधूंच्या पात्रांच्या बेरजा-वजाबाक्या नीट कळतात. अन् आजच्या बातम्यासुद्धा.

मला खटकलं तेही सांगतो. बरंचसं मुंबईतच घडते, भाषा बातमीदाराची आहे, कोरडी. ग्रामीण कादंबरीतल्या मातीच्या वासाची सवय असेल तर पहिली काही प्रकरणं जड जातील. जाऊ द्या. एकदा माणसं मोजायला लागलात की पुस्तक खाली ठेववत नाही. मी तर जागलीला मचाणावर टॉर्च लावून वाचलं, रानडुकरांनी त्या रात्री तुरीत काय केलं ते विचारू नका.

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते, त्या दिवसांत वाचायला घ्या. सकाळी पेपर, रात्री कादंबरी. मंत्री उतरतात त्या रविभवनाच्या अन् आमदार निवासाच्या बातम्या वेगळ्याच वाचल्या जातील. तालुक्याच्या वाचनालयात मागा. नसलं तर मागणीच्या वहीत नाव लिहून या, अन् आठवड्यानं पुन्हा विचारा, कारण वही कोणी उघडत नाही.