पॅक बदलला आणि दुसरा ड्राइव्हपण गेला

ही जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कची तबकडी बघा, चौदा इंच, जेवायच्या ताटाएवढी. अॅल्युमिनियमवर तपकिरी लेप आहे आणि सगळा डेटा त्या लेपातच असायचा. आता ही चकचकीत रिंग बघा, इथला लेप पार खरवडून निघालाय. उद्यमनगरातल्या एका टर्नरनं त्यावरनं नख फिरवलं आणि म्हणाला, खाच लागतीय की हाताला.

ह्याला हेड क्रॅश म्हणायचे, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीवर आपटायचं. तबकडीचे मिनिटाला 3600 फेरे आणि हेड तिच्या वर एक-दोन मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगणार, म्हणजे त्या टर्नरच्या मायक्रोमीटरचा एक घर 10 मायक्रॉनचा, त्याच्याही कितीतरी आत! मग सिगरेटच्या धुराचा एक कण पण पुरतो, आणि आपल्याकडं तर फाउंड्रीची धूळ.

माझे काका इथल्याच एका कारखान्यात कॉम्प्युटर रूमला ऑपरेटर होते. तेव्हा तबकड्यांचे गठ्ठे, म्हणजे पॅक, ते फिरवणाऱ्या ड्राइव्हमधनं काढता-घालता यायचे. एकदा पॅक वाचेना, काकांना वाटलं ड्राइव्ह बिघडलाय, म्हणून तोच पॅक दुसऱ्या ड्राइव्हला लावला तर खरवडलेल्या तबकडीनं त्याचंपण हेड खाल्लं, मग पहिल्या ड्राइव्हला चांगला पॅक लावून बघितला तर मोडक्या हेडनं तोपण घासला. अर्ध्या तासात दोन ड्राइव्ह, दोन पॅक, आणि सगळी टर्मिनलं गप्प. काका हे सांगताना अजून आवाज बारीक करतात.

1973 ला आयबीएमनं विंचेस्टर नावाची डिस्क आणली, हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात, त्यामुळं हे एकाचं दुसऱ्याला लागणं थांबलं. माझ्या मते खरी सुधारणा हीच, जास्त डेटा मावायला लागला ते नंतरचं.

तरी डिस्क जायच्याच. 1988 च्या बर्कली विद्यापीठाच्या रेड (RAID, म्हणजे बऱ्याच डिस्क एकत्र वापरायची पद्धत) ह्या शोधनिबंधात फुजित्सूच्या सुपर ईगल डिस्कला बिघडेपर्यंत सरासरी 20,000 तास दिलेत, म्हणजे सव्वादोन वर्षं. ऐकायला बरं वाटतं, पण अशा आठ डिस्क एका सिस्टिमला लावा, मग सरासरी साडेतीन महिन्याला एक जाणार, आणि ती गेली की त्यावरच्या सगळ्यांचंच काम गेलं.

म्हणून काका रोज रात्री डिस्कवरच्या डेटाची टेपवर कॉपी काढत बसायचे. 2400 फुटी रीळ, 1600 बीपीआयला (एका इंचात 1600 अक्षरं) जेमतेम 40 एमबी, 300 एमबीच्या एका पॅकला सात-आठ रिळं. शनिवारचा सेट दोन पिशव्यांत घालून सायकलीवरनं घरी आणायचे, आणि काकू तो तांदळाच्या डब्यामागं कोरड्या जागी ठेवायची.