सहा मतांचा कायदा आणि घटनेची तरतूद

श्रोतेहो, नमस्कार. डिचोलीच्या एका वाचनालयात बोलायला गेलो असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, घटना हाही कायदाच आणि राजभाषा कायदा हाही कायदाच, मग फरक कशाचा, जाडीचा?” टेबलावर दोन्ही होते, घटनेचे जाडजूड पुस्तक आणि त्या कायद्याची चार पानांची झेरॉक्स. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

१९८७च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या गोवा, दमण व दीव विधानसभेने राजभाषा कायदा संमत केला. त्याने देवनागरीतील कोकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीचा वापरही सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी व्हावा, अशी तरतूद झाली. पुढे १९९२ साली ७१व्या घटनादुरुस्तीने कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेने मान्य केलेल्या भाषांच्या यादीत आली. मराठी तिथे घटना लागू झाली तेव्हापासूनच आहे. दोन्ही गोष्टी भाषेला मान देणाऱ्याच, पण त्या बदलण्याची वाट मात्र सारखी नाही.

पर्वरीच्या गोवा विधानसभेत आज ४० सदस्य आहेत आणि घटनेच्या १८९व्या अनुच्छेदानुसार गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालवण्यासाठी लागणाऱ्या किमान उपस्थितीला १० जण पुरतात. साधे विधेयक उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने संमत होते. म्हणजे दहाच जण हजर असले, तर सहा मतांनी राजभाषा कायद्यात दुरुस्ती होऊ शकते. प्रत्यक्षात भाषेच्या प्रश्नावर सभागृह एवढे ओस पडेल असे कोणी गोंयकार मानणार नाही, ही गोष्ट वेगळी. आठव्या अनुसूचीतून एखादी भाषा काढायची असेल, तर संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे आणि शिवाय मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतेही हवीत. ५४३ जागांच्या लोकसभेत याचा अर्थ किमान २७२ मते. दोन्ही सभागृहांचे एकमत झाले नाही, तर साध्या विधेयकासाठी असलेली संयुक्त बैठकीची सोय इथे नाही. काही तरतुदींना तर निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमतीही लागते. आणि एवढे करूनही घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, असा निकाल केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली ७ विरुद्ध ६ मतांनी लागला.

साधा कायदा घटनेशी विसंगत ठरला, तर न्यायालय तो रद्द करते. ही वरचढ-दुय्यम नाती आपल्या घटक राज्याच्या जन्मातच पाहायला मिळतात. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले ते संसदेच्या पुनर्रचना कायद्याने, आणि तो कायदा साध्या बहुमताचा, कारण नवे राज्य निर्माण करण्याला चौथा अनुच्छेद घटनादुरुस्ती मानतच नाही. माझ्या मते ही आपल्या घटनेतली सर्वांत चकित करणारी तरतूद आहे. अडचण आली ती विधानसभेची. १७०व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या विधानसभेत किमान ६० सदस्य हवेत. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात एवढे मतदारसंघ पाडायचे कुठे? साध्या कायद्याने ही अट शिथिल करता येईना, म्हणून ५६वी घटनादुरुस्ती करून गोव्यासाठी किमान ३० सदस्यांची स्वतंत्र तरतूद घालावी लागली. त्या मर्यादेच्या आत राहून ४० हा आकडा पुनर्रचना कायद्याने ठरवला. म्हणजे ४० आकडा कायद्याचा आणि ३० घटनेचा. ही संख्या कधी २९वर आणायची झालीच, तर पुनर्रचना कायदा बदलून भागणार नाही, घटनेलाच हात घालावा लागेल.