गाल बसले, पोट सुटले: एचआयव्हीच्या दीर्घ उपचारातील शरीरबदल

श्रोतेहो, नमस्कार.

खानदेशात उन्हाचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की डोक्या-तोंडाला रुमाल गुंडाळल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही, आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नाही. पण भर पौषात, समुपदेशनाच्या बंद खोलीत माझ्यासमोर बसूनही ज्यांनी तोंडावरचा रुमाल सोडला नाही, असे एक शेतकरी मला आजही आठवतात. अनेक वर्षे त्यांनी एचआयव्हीच्या गोळीचा एकही दिवस चुकवला नव्हता, रोगप्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या सीडीफोर पेशींचा अहवाल चांगला होता, वजनही फारसे हलले नव्हते. मात्र गाल आत ओढले गेले होते, कानशिलांत खळगे पडले होते, आणि पारावर कोणीतरी “तब्येत उतरली का हो दादा?” असे विचारल्यापासून त्यांनी पारावर बसणेच सोडले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी अहिराणीत एवढेच विचारले, “ताई, मना आजार वाढना का?”

त्यांचा आजार वाढलेला नव्हता. या एका उत्तरासाठीच मी आज आपल्याशी बोलते आहे, कारण हाच प्रश्न मनात दाबून काही जण गोळ्या बंद करतात, आणि आजार खरोखर वाढतो तो त्यानंतर.

दीर्घ उपचारात शरीरातील चरबीची जागा बदलते, त्याला वैद्यकीय भाषेत लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, प्रभावी औषधे मिळू लागल्यावर काही वर्षांतच, जगभरातील डॉक्टरांच्या ते लक्षात आले. या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिलीत कातडीखालची चरबी झिजते: गाल बसतात, हात-पाय काटक्यांसारखे होतात, शिरा वर येतात, आणि बसायच्या जागेवर मांसलपणा न उरल्याने एस.टी.च्या बाकावर धुळ्यापर्यंत बसून जाणेही नकोसे होते. दुसरीत पोटाच्या आत, आतड्यांभोवती चरबी साठते, छाती भरते, तर काहींच्या मानेमागे उशीसारखा उंचवटा येतो. कोणाला यांतले एकच होते, कोणाला दोन्ही.

दोन्ही एकाच वेळी झाल्या की काय होते, ते मला एका बहिणीने दाखवले. तिने पिशवीतून स्वतःचे पोलके काढून टेबलावर पसरले. छातीला ते इतके घट्ट झाले होते की हुक लागत नव्हते आणि बाह्या मात्र इतक्या सैल, की दोन्हीकडे आतून दुहेरी टीप घालावी लागली होती. शिंपीणबाईंनी सहज विचारले होते, “असं कसं गं माप तुझं?” त्या दिवसापासून ती दुसऱ्या गावाहून कपडे शिवून आणत होती.

हे का होते? भुसावळजवळच्या दीपनगरला जसे वीजकेंद्र आहे, तशी आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारी अतिसूक्ष्म केंद्रे असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो आणि त्याची नक्कल करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. स्टॅव्हुडिन आणि काही प्रमाणात झिडोव्हुडिन ही जुनी औषधे विषाणूला अडवताना या विकरालाही अडवतात. मग चरबीच्या पेशींतील ही केंद्रे मंदावतात आणि त्या पेशी हळूहळू नष्ट होतात. आपल्या देशात सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधे, १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली, आणि स्वस्त व तातडीने परिणाम करणाऱ्या स्टॅव्हुडिनने त्या काळात असंख्य जीव वाचवले. ते औषध चुकीचे दिले गेले, असे मी म्हणणार नाही. त्या वेळी हाताशी असलेल्या औषधांतून ज्यांना जगवता आले, त्यांतील अनेक जण आज नातवंडे खेळवत आहेत. पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली. आज बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर मिळून बनलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते, आणि या गोळीने गाल बसत नाहीत.

मग जे गाल आधीच बसले आहेत, त्यांचे काय? औषध बदलल्यावर झीज थांबते आणि चरबी परतू लागते, पण अतिशय सावकाश, वर्षांच्या हिशेबाने, आणि पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही. त्या बहिणीच्या बाह्यांची एक टीप काही वर्षांनी उसवावी लागली, दुसरी अजून तशीच आहे. चेहऱ्यात भरण द्यायची इंजेक्शने मिळतात, परंतु ती महाग असतात आणि त्यांतील बऱ्याच प्रकारांचा परिणाम काही काळाने ओसरतो. बाजारातल्या ‘गाल भरणाऱ्या’ पावडरी व चूर्णे मात्र कृपा करून घेऊ नका. त्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते, आणि त्याने पोट व मानेमागचा उंचवटाच वाढतो.

इथे एक खबरदारी आवर्जून सांगते. खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट, यांपैकी एकही लक्षण असेल तर त्याला ‘गोळ्यांचा परिणाम’ समजून घरी बसू नका. क्षयरोगाची तपासणी आधी करून घ्या.

आता पोटाविषयी. चिमटीत धरता येते ती कातडीखालची चरबी. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले आणि चिमटीत न येणारे असेल, तर चरबी आत आहे असे समजावे. हीच आतली चरबी साखर, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी जोडलेली असते, आणि शस्त्रक्रियेने ती ओढून काढता येत नाही. आपल्याकडे पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असणे धोक्याचे मानतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप धरून, श्वास सोडून, महिन्यातून एकदा माप घ्या आणि लिहून ठेवा. नव्या गोळीवर काहींचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन सर्वांगाने वाढते. त्यात आजारपणात गेलेले वजन परत येण्याचाही वाटा असतो, आणि जुन्या लिपोडिस्ट्रॉफीपेक्षा हा प्रकार वेगळा आहे.

यावर उपवास हा उपाय नव्हे. कडक उपासाने पोटाआधी गालच अधिक बसण्याची भीती असते. आपली कळण्याची भाकरी सोडण्याचे काहीच कारण नाही. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग, बट्टीवरची तुपाची धार आणि दिवसभरातला साखरेचा चहा एवढे आवरा. रोज अर्धा तास झपझप चालल्याने आतली चरबी कमी होते, आणि जोर-बैठका, ओझी उचलणे अशा कष्टाने बारीक झालेल्या हातापायांत निदान स्नायू तरी भरतात. तंबाखू आणि विडी मात्र सोडायलाच हवी, कारण हृदयाचा धोका त्यांनी आणखी वाढतो.

साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर एचआयव्हीच्या डॉक्टरांना ते अवश्य सांगा. डोलुटेग्रॅव्हिरसोबत त्याचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून दिवसाला साधारणपणे १००० मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात. पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यावर दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या फळीच्या औषधांत रिटोनाविर असेल, तर कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन ही गोळी चालत नाही.

ज्यांना हा आजार नाही, अशा श्रोत्यांनाही माझी विनंती आहे. कोणाचे गाल पाहून त्याच्या आजाराचा अंदाज बांधू नका, आणि भरल्या पंगतीत ‘किती वाळलास’ असे विचारू नका. एखाद्याला एचआयव्ही आहे ही गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने मनाई आहे.

पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल, तेव्हा उपचार सुरू होण्याआधीचा एखादा फोटो, कमरेच्या मापाची चिठ्ठी आणि इतर सर्व औषधांची पाकिटे सोबत न्या. डॉक्टर गर्दीत असतील, स्वतःहून विचारणार नाहीत. तुम्हीच रुमाल सोडून चेहरा दाखवा, आणि साखर व कोलेस्टेरॉल शेवटचे कधी तपासले ते विचारा. उपचार केंद्रापर्यंत जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले, तर १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक मोफत आहे, आणि तिथे नाव सांगावे लागत नाही.