पाठमोरा योसेफ

श्रोतेहो, नमस्कार.

बायबलातल्या मत्तयकृत शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. हेरोद राजा बाळ येशूच्या जिवावर उठलाय, असं देवदूत योसेफाला स्वप्नात सांगतो आणि योसेफ रातोरात मरीयेला व बाळाला घेऊन मिसर देशाची, म्हणजे इजिप्तची, वाट धरतो. वाटेत काय घडलं, याबद्दल मत्तय अवाक्षर काढत नाही.

ही वाट रंगवली दोमेनिको तिएपोलोने. म्हणजे रंगवली कसली, कोरली! व्हेनिसचा हा तरुण १७५० च्या अखेरीस वडिलांबरोबर जर्मनीतल्या वुर्झबुर्गला गेला. वडील, थोरले तिएपोलो, तिथल्या राजवाड्याची छतं रंगवत होते आणि मुलगा त्यांच्या हाताखाली. त्याच मुक्कामात ही चित्रमालिका तयार झाली. १७५३ साली ती छापली गेली, शीर्षकपान वगैरे धरून २७ चित्रं.

हे अम्लरेखन, म्हणजे एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यात सुईने चित्र काढायचं आणि पत्रा अम्लात ठेवायचा. सुईने जिथे तांबं उघडं पडलं, तिथेच अम्ल ते खातं. मग त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. यात धातूशी झटापट नसते, सुई लेखणीसारखी पळते. दोमेनिकोची तर पळतेच! आखूड, थरथरत्या, मध्येच तुटणाऱ्या रेघा. सावलीला रेघांची दाटी. उन्हाला मात्र काहीच नाही, नुसता कोरा कागद.

माणसं तीच, गाढवही तेच. कधी देवदूत त्यांना होडीतून पैलतीरी नेतात. एका चित्रात हे कुटुंब पुतळ्याजवळून जातं आणि पुतळ्याचं मुंडकं गळून पडतं. हे बायबलात नाही. येशू मिसरात आला तेव्हा मूर्ती कोसळल्या, अशी जुनी दंतकथा आहे.

मला विचाराल तर सगळ्यांत सरस ती पाठमोरी चित्रं. धर्मचित्रात पवित्र चेहरे समोर हवेत, हा रिवाज. इथे योसेफाची पाठ आणि गाढवाचा पार्श्वभाग! पण त्यामुळेच आपण त्यांच्या मागून चालू लागतो.

ही खोड त्याला जन्मभर पुरली. १७९१ साली, साठी उलटल्यावर, त्याने स्वतःच्या घराच्या भिंतीवर जत्रेतला चित्रपेटीचा खेळ बघायला जमलेली गर्दी रंगवली. ते भित्तिचित्र आज व्हेनिसच्या का रेझ्झोनिको संग्रहालयात आहे. गर्दी जवळजवळ सगळी पाठमोरी, आणि पेटीत काय दिसतंय ते त्याने दाखवलेलंच नाही.