लघवीतला जंतू आणि आधी घेतलेली गोळी

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळी लागली, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. लघवीला गेलं की आग होते, थेंबथेंब होते, जाऊन येत नाही तोच पुन्हा जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं. बाई घरात सांगायला संकोचते. धने-जिऱ्याचं पाणी पिऊन बघते, दोन दिवस कसेबसे काढते आणि मग कोणाला तरी पाठवून मेडिकलमधून जळजळीची गोळी मागवते. पूर्वी ती गोळी बहुतेक वेळा लागू पडायची. आता अनेकींना ती लागू पडत नाही. माझं आयुष्य रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लघवीचे नमुने तपासण्यात गेलं. ही गोळी का चालेनाशी झाली, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी त्या जंतूची ओळख करून घेऊ. लघवीच्या साध्या जंतुसंसर्गात दहातल्या सात-आठ वेळा एकच जंतू सापडतो, ई. कोलाय. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शौचात तो पाहिला आणि पुढे त्याच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. तो तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या आतड्यात राहतो आणि तिथे असतो तोवर काही त्रास देत नाही. गुदद्वाराजवळून तो मूत्रमार्गात शिरला, मूत्राशयाच्या अस्तराला चिकटला, की दुखणं सुरू होतं. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकांनी तो अस्तराला असा धरून बसतो की लघवीच्या धारेनेही सुटत नाही. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा सुमारे वीस. म्हणून हे दुखणं बायकांना जास्त होतं. जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी होतंच. यात बाईच्या स्वच्छतेची खोट काढणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. ही शरीराची रचना आहे.

आता मुख्य गोष्ट. हा जंतू बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातून येतो. त्यामुळे तो औषधाला दाद देणार की नाही, हे पुष्कळदा संसर्गाच्या कितीतरी आधी, आतड्यातच ठरलेलं असतं.

ते कसं, पाहा. पावसाळ्यात सर्दी-खोकला झाला. सर्दी होते विषाणूंमुळे, आणि अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, विषाणूंचं काही वाकडं करू शकत नाही. तरी कोणी अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या दिल्या, कोणी सेफिक्झिम दिली. सर्दी आपल्या वेळेने बरी झाली. पण सेफिक्झिमसारखी गोळी आतड्यातही पोहोचली. तिथल्या ई. कोलायपैकी जे तिने मरणारे होते ते मेले. जे थोडे मुळातच निबर होते ते उरले, त्यांना मोकळं रान मिळालं आणि ते वाढले. तुम्हाला यातलं काहीही जाणवत नाही. पुढे कधीतरी लघवीला जळजळ सुरू होते, तेव्हा मूत्राशयात पोहोचलेला जंतू या निबरांपैकीच असण्याचा संभव असतो.

जुलाबाचंही तेच. शिळंपाकं खाऊन दोन जुलाब झाले की नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल अशी जोडगोळी घ्यायची सवय आपल्याकडे घराघरात मुरलेली आहे. यातलं नॉरफ्लॉक्सासिन हे एके काळी लघवीच्या संसर्गावरचं हुकमी औषध होतं. त्याचं भावंड सिप्रोफ्लॉक्सासिन, तेही तसंच. आज आमच्या जंतू वाढवायच्या ताटलीत ई. कोलाय कित्येकदा या औषधांत भिजवलेल्या कागदी चकतीला बिनदिक्कत खेटून वाढतो, म्हणजे औषधाला जुमानत नाही. ज्या दुखण्याला बहुतेक वेळा मीठ-साखरेचं पाणी पुरलं असतं, त्यासाठी आपण दुसऱ्या दुखण्याचं औषध संपवून बसलो. याचं मला फार वाईट वाटतं.

एकदा अँटिबायोटिक घेतल्यावर हा परिणाम किती टिकतो? ब्रिटनमधल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१० साली याचं उत्तर दिलं. गोळी घेतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात निबर जंतू सापडण्याची शक्यता सर्वात जास्त असते, मग ती हळूहळू उतरते, पण वर्षभरापर्यंत तिचा माग लागतो. म्हणून डॉक्टरकडे गेलात तर गेल्या वर्षभरात कोणकोणत्या अँटिबायोटिक घेतल्या, ते त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. जुन्या चिठ्ठ्या, रिकाम्या स्ट्रिपा जपून ठेवा आणि बरोबर न्या.

हे निबरपण येतं कुठून? पेनिसिलिन बाजारात येण्याच्याही आधी, १९४० साली, अब्राहम आणि चेन या ऑक्सफर्डच्या संशोधकांना ई. कोलायमध्येच पेनिसिलिन नष्ट करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, सापडलं होतं. हत्यार जंतूंकडे आधीपासून होतंच. पुढे आपण जसजशी नवी औषधं वापरत गेलो, तसतशी या विकरांची नवी, अधिक ताकदवान रूपं पसरत गेली. आज तुमच्या रिपोर्टवर ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ असा की हा जंतू सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन या गटातली औषधं फोडून निकामी करतो. वाईट याचं की हे कसब जंतू स्वतःपुरतं ठेवत नाहीत. ते डीएनएच्या एका छोट्या कड्यावर लिहिलेलं असतं, आणि शेजारणीला लोणच्याची कृती उतरवून द्यावी तसं एक जंतू ते दुसऱ्याला देतो. घेणारा त्याच जातीचा असावा असंही नाही. ई. कोलाय क्लेबसिएलाला देतो, क्लेबसिएला आणखी कोणाला. एकाच कड्यावर तीन-चार औषधांविरुद्धची कसबं बसलेली असतात. त्यामुळे एका औषधाच्या वापराने दुसऱ्याही औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात.

२००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत असा क्लेबसिएला सापडला की ज्यावर कार्बापेनेम ही राखीव औषधंसुद्धा चालेनात. रुग्णाने त्याआधी दिल्लीत उपचार घेतले होते. त्या नव्या विकराला नवी दिल्लीचं नाव दिलं गेलं, एनडीएम, आणि त्या नावावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. नावाचा राग मी समजू शकते. पण तेवढ्याच पोटतिडिकीने सांडपाणी, रुग्णालयातली हातांची स्वच्छता आणि औषधविक्री यांबद्दल आपण बोललो असतो तर बरं झालं असतं. कारण जंतू इथे होते, आणि आहेत. त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्साला इथल्या डॉक्टरांनी परदेशी जाणाऱ्या शंभर प्रवाशांची शौचतपासणी जाण्याआधी आणि आल्यावर केली. भारतात जाऊन आलेल्या आठांपैकी सात जण आतड्यात ईएसबीएलवाले ई. कोलाय घेऊन परतले होते. नुसते पाहुणे म्हणून आलेल्यांची ही गत, तर इथेच राहणाऱ्या आपली काय असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद दरवर्षी देशभरातल्या रुग्णालयांचे आकडे प्रसिद्ध करते. त्यांच्याकडे आलेल्या ई. कोलायपैकी इमिपेनेम या कार्बापेनेमला दाद न देणारे २०१६ साली शेकडा १४ होते, २०२१ साली शेकडा ३६ झाले. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतले आहेत, तिथे मुळातच गंभीर रुग्ण असतात. गावातल्या साध्या उन्हाळीला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण वाटचाल कुठे चालली आहे, ते कळतं.

आता थोडं कल्चरविषयी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीविषयी. ही तपासणी पुष्कळदा नमुना देतानाच बिघडते. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या. आधी साध्या पाण्याने जागा धुवा. पहिली धार सोडा, मधली धार निर्जंतुक डबीत धरा, डबीच्या आतल्या कडेला बोट लावू नका. घरची औषधाची बाटली धुऊन चालत नाही. आणि डबी ताबडतोब प्रयोगशाळेत पोहोचवा. ई. कोलायला मानवेल अशी ऊब मिळाली तर तो वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट. सकाळी घेतलेला नमुना एसटीच्या बॅगेत दुपारपर्यंत उकडत राहिला, तर आमच्याकडे जंतूंचं पीक येतं आणि नसलेल्या दुखण्यावर औषध सुरू होतं. उशीर होणारच असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा.

नमुना आला की तारेच्या बारीक कडीने मोजून एक थेंब मॅकॉन्की आगरच्या, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या जेलीसारख्या थराच्या, ताटलीवर रेघारेघांनी ओढतात. रात्रभर ३७ अंशांत ठेवलं की सकाळी ई. कोलायच्या गुलाबी, चपट्या वसाहती दिसतात. मग तो जंतू दुसऱ्या ताटलीवर सारखा पसरून वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतात, प्रत्येक सहा मिलिमीटरची. दुसऱ्या सकाळी ताटली उजेडासमोर धरायची आणि पट्टी लावायची. जिथे औषध चाललं तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं, बाकी सगळीकडे जंतूंचा दुधट थर. ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचं वर्तुळ २६ मिलिमीटर किंवा जास्त भरलं, तर आम्ही औषध चालतं असं लिहितो. कित्येकदा पट्टी लावायची वेळच येत नाही, जंतू थेट चकतीच्या कडेपर्यंत आलेला असतो. या सगळ्याला दोन ते तीन दिवस लागतात. रुग्णाचे नातेवाईक रिपोर्टला उशीर का म्हणून रागावतात, तेव्हा मला त्यांना ही ताटली दाखवावीशी वाटते.

रिपोर्ट हातात आला की स्वतः वाचून औषध ठरवू नका. सर्वात मोठं वर्तुळ म्हणजे सर्वात चांगलं औषध, असं नसतं. प्रत्येक औषध आगरमध्ये वेगवेगळ्या वेगाने पसरतं. यादीत खाली मेरोपेनेम हे राखीव कार्बापेनेम ‘चालतं’ असं लिहिलेलं असलं, तरी साध्या जळजळीसाठी ते वापरायचं नसतं.

साध्या जळजळीसाठी आजही कामी येतं ते नायट्रोफ्युरँटॉइन, १९५० च्या दशकातलं जुनं औषध. ते रक्तात फार साठत नाही, लघवीत उतरून तिथे एकवटतं आणि जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे जंतूला त्यातून सुटणं अवघड जातं. लघवी गडद पिवळी, तपकिरी होते, घाबरू नका. ते जेवणाबरोबर घ्यायचं असतं. मात्र थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडात चढलेला असू शकतो. तिथे हे औषध पोहोचत नाही. अशा वेळी दवाखान्यात लगेच जायला हवं. मूत्रपिंडं अधू असलेल्यांना आणि बाळंतपण जवळ आलेल्यांनाही ते देत नाहीत. म्हणजे डॉक्टर हवाच.

जळजळ नाही, ताप नाही, आणि नेहमीच्या तपासणीत लघवीत जंतू सापडले तर? गरोदर बाई असेल तर औषध द्यायलाच हवं, नाहीतर मूत्रपिंडापर्यंत जाण्याचा धोका असतो. मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तरी द्यायला हवं. पण घरातल्या आजींची लघवी गढूळ दिसते, वास येतो, एवढ्यावरून अँटिबायोटिक देऊ नये. म्हातारपणी मूत्राशयात निरुपद्रवी जंतू असणं नेहमीचं आहे. त्यांना मारायला गेलं तर त्यांच्या जागी निबर जंतू येऊन बसतात. आजी खूप मलूल झाल्या, बोलण्यात गोंधळ झाला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. कारण दुसरंही असू शकतं.

१ मार्च २०१४ पासून आपल्या देशात सेफिक्झिमसह अनेक अँटिबायोटिक एच-वन या यादीत आहेत. त्या विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. तुमच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर चिडू नका, तो बरोबर वागतो आहे.

एक गोष्ट मात्र औषधांच्या बाहेरची आहे आणि तिच्याबद्दल मला चीड येते. कितीतरी बायका बाहेर पडायच्या दिवशी मुद्दाम पाणी पीत नाहीत. बाजारात भाजी विकणारी, उसाच्या फडात राबणारी, एसटीने चार तास जाणारी, शाळेतली मुलगी. जायला जागा नसते, असली तर कडी नसते, पाणी नसतं. म्हणून लघवी कोंडून धरायची. मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली ती याच मागणीसाठी. पाण्याचा फरक मोजूनही पाहिला गेला आहे. बल्गेरियातल्या १४० बायकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना वारंवार हा संसर्ग व्हायचा आणि त्या पाणी कमी प्यायच्या. त्यांतल्या निम्म्याजणींना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांचं दुखणं जवळजवळ निम्म्यावर आलं आणि अँटिबायोटिकही तेवढ्याच कमी लागल्या. ज्या बाजारपेठेत, ज्या फडावर बाईला स्वच्छतागृह मिळतं तिथे अँटिबायोटिकची स्ट्रिप कमी फुटेल, असं मला वाटतं. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत हे मागताना आरोग्याची मागणी म्हणून मागा.

आणि शेवटचं, घरचं माणूस रुग्णालयात असेल त्यांच्यासाठी. लघवीची नळी, कॅथेटर, घातली की जंतू तिच्या आतून-बाहेरून चिकट थर करून बसतात, आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढतो. चादर सारखी बदलायला नको किंवा उठवायला माणूस नाही, म्हणून नळी ठेवणं योग्य नाही. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीत असू द्या, पण जमिनीला टेकू देऊ नका. नळी मधून सोडू नका. आणि राउंडला डॉक्टर आले की रोज विचारा, डॉक्टर, आज नळी काढता येईल का?

नमस्कार.