पिनबॉलच्या पोटातली पाकिटं

नमस्कार श्रोतेहो. बोलायला सुरुवात करण्याआधी माइकजवळ एक वस्तू धरते. ऐका. टिक्. पुन्हा एकदा. टिक्.

हा एक स्विच आहे. भिंतीवर असतो तसला नाही. बोटाएवढ्या लांबीच्या दोन लवचीक धातूच्या पत्त्या, एकीवर एक बसवलेल्या, आणि दोघींच्या टोकाला मोहरीएवढा ठिपका. ठिपके टेकले की वीज जाते, सुटले की थांबते. पिनबॉलच्या जुन्या मशिनच्या पोटात असे कितीतरी स्विच असतात. हा मला ज्यांनी दिला ते काका गेल्या महिन्यात गेले. पेशाने इंजिनिअर. आज त्यांच्याविषयी बोलायचंय. नाव सांगत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. पुढे ऐकाल तेव्हा तुम्हालाही पटेल.

ज्यांनी पिनबॉल पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं. काचेखाली एक उतरतं टेबल आणि त्यावर साधारण 80 ग्रॅम वजनाची पोलादी गोळी. स्प्रिंगच्या दांड्याने ती वर उडवायची आणि घरंगळत खाली आली की फ्लिपरनी, म्हणजे बटण दाबल्यावर फटकन उचलणाऱ्या दोन छोट्या दांड्यांनी, तिला परत वर पिटाळायची. त्या स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट 1871 चं, अमेरिकेतल्या मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांचं. 1931 मध्ये शिकागोच्या गॉटलीब कंपनीचा ‘बॅफल बॉल’ आला आणि खेळ सगळीकडे पसरला. पण फ्लिपर आले ते थेट 1947 मध्ये, त्याच कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’वर. तोवर गोळी सोडायची, फार तर टेबलाला धक्के द्यायचे आणि ती कुठे जाते ते बघायचं. त्यामुळे लोक याला जुगार म्हणत. न्यूयॉर्क शहराने 1942 मध्ये बंदी घातली ती 1976 मध्ये उठवली. हा विषय निघाला की काका खुर्चीतून उठायचेच. “फ्लिपर आल्यावरसुद्धा 29 वर्षं? अरे, खेळ माणसाच्या हातात आला होता ना!”

आणि टिल्ट. मशिन जोरात हलवलं की खेळ बंद पडतो, तो टिल्ट. आत चक्क एक ओळंबा लोंबत असतो, गवंड्याचा असतो तसाच, एका कड्याच्या मधोमध. ओळंबा कड्याला टेकला की डाव संपला. काका म्हणायचे, इतकं साधं आणि इतकं नेमकं यंत्र दुसरं दाखवा. मला अजून सापडलेलं नाही.

आता ती रात्र सांगते. खरं तर तेवढ्यासाठीच आज बोलायला आले आहे.

आमच्याकडे एका हॉलमध्ये सहा जुनी मशिन होती. त्यांची देखभाल माझ्याकडे होती आणि मला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं खेळायला येणार होती आणि आदल्या संध्याकाळी सगळ्यात जुन्या मशिनने असहकार पुकारला. हे मशिन विजेवर चालणारं, पण आत एकही चिप नाही. गुण मोजायला आकड्यांची चार चाकं, आणि सगळ्यांना ताल देणारी एक मोटर. सुरू करायचं बटण दाबलं की चाकं खटखट करत शून्यावर यायची. इथवर ठीक. पण मोटर थांबेचना. घर्रर्र, घर्रर्र, सारखी फिरतेय. गोळी काही वर येत नाही.

आधी एक कारागीर येऊन गेले होते. त्यांनी दिसतील ते सगळे स्विच पॉलिश पेपरने घासले आणि सांगितलं, हे भंगारात द्या. त्यानंतर मी काकांना फोन केला. रात्रीचे नऊ वाजले होते. “येतो,” एवढंच म्हणाले.

आले ते एक लहानशी पिशवी घेऊन. ती उघडली नाही. स्टूल ओढलं, बसले आणि ऐकत राहिले. मग म्हणाले, “दिवे बंद कर. आणि हात पाठीमागे ठेव.” मी दिवे घालवले. काकांनी मशिनचं मागचं दार उघडलं. अंधारात आत निळ्या ठिणग्या दिसत होत्या, अगदी बारीक, मोटर फिरेल तशा एका तालात चमकणाऱ्या. “बघ,” काका म्हणाले, “मोटर बिचारी तिचं काम चोख करतेय. तिला थांब असं कुणी सांगत नाहीये.”

दिवे लावले, प्लग काढला. हे मी पुन्हा सांगते, कारण काका दर वेळी पुन्हा सांगायचे: प्लग काढला. बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा. मग मशिनच्या पोटातून घडी घातलेला एक मोठा कागद निघाला. सर्किटचा नकाशा. त्या काळी मशिनबरोबरच तो मिळायचा, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. आज आपण एखादी वस्तू विकत घेतो तर तिला उघडायला स्क्रूसुद्धा नसतो, सगळं चिकटवलेलं. जी वस्तू उघडता येत नाही ती आपल्या मालकीची कशी म्हणायची? असो.

नकाशा जमिनीवर पसरला. काकांनी पेन्सिलीचं टोक एका रेघेवरून हळूहळू नेलं आणि चार स्विचांपाशी थांबवलं. प्रत्येक चाकामागे एक. चाक शून्यावर आलं की त्याचा स्विच टेकतो. चारही टेकले की पुढे निरोप जातो आणि मोटर थांबते. काका म्हणाले, “चौघांतला एक आकडा शून्यावर आलाय, पण आलोय म्हणून सांगत नाहीये. शोध.”

म्हणजे मी शोधायचं. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला, एक जुनं व्हिजिटिंग कार्ड फाडून त्याची पट्टी दिली आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसले. “पत्त्यांच्या मधे पट्टी घाल आणि ओढ. टेकलेल्या असतील तर हाताला अडखळ लागेल.” कागद, श्रोतेहो. पॉलिश पेपर नाही. ठिपक्यावर मळ असेल तर कागदाने निघतो. जळून खड्डा पडला असेल तरच बारीक कानस, आणि तीही जपून. घासून घासून ठिपकाच झिजला तर पुढे काय टेकणार? म्हणून आधी कागद.

पहिलं चाक, अडखळ लागली. दुसरं, लागली. तिसऱ्याला पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी निघून आली. डोळ्यांना दोन्ही पत्त्या टेकल्यासारख्याच दिसत होत्या. मधे फट होती ती केसाएवढी. पॉलिश पेपर चालवताना कधीतरी पत्ती वाकली असणार. काकांनी पिशवीतून पत्ती वाकवायचं हत्यार काढून दिलं, खाच असलेली एक पोलादी काडी. “टोकाला नको, बुडाशी धर. जरासं. त्याच्याही निम्मं.” मी वाकवली. पट्टी घातली. अडखळ. प्लग लावला, बटण दाबलं. चाकं खटखट शून्यावर आली, मोटर एकदा घरघरली आणि थांबली. नुसती शांतता. मग ठक्, गोळी वर आली.

मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. काकाही हसले. उठले, प्लग काढला, हत्यार घेतलं आणि ती पत्ती पुन्हा वाकवून ठेवली. जशी बिघडलेली होती तशीच.

“काका, अहो हे काय केलंत!”

“एकदा जमलं ते कदाचित चुकून जमलं असेल. आता परत कर.”

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मला रडू फुटायचं बाकी होतं. पण केलं. दुसऱ्यांदा दहा मिनिटं लागली. त्यांनी पुन्हा वाकवली. तिसऱ्यांदा दोन मिनिटांत झालं, आणि तेव्हा मला बोटांत कळलं, ‘जराशाचं निम्मं’ म्हणजे किती.

निघताना त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. तारीख, बिघाड काय, कुठला स्विच, कसा सापडला. पेन्सिलीने, कारण शाई ओल धरली की पसरते आणि पेन्सिल राहते. मुलांच्या हातात पेन्सिल जास्त दिवस राहू द्यावी असं मला वाटतं ते त्यामुळेच. चिठ्ठी पाकिटात घातली आणि पाकीट मशिनच्या आत चिकटवलं.

यानंतरची वर्षं थोडक्यात सांगते. 1970 च्या दशकाच्या शेवटाकडे मशिनमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले, आणि काका तेही शिकले. त्यातल्या कितीतरी बोर्डांवर बॅटरी सोल्डर केलेली असते. ती म्हातारी झाली की पाझरते आणि बोर्डावरचं तांबं खाते. रिमोटमध्ये विसरलेले सेल काय करतात ते तुम्ही घरी पाहिलंच असेल. अशी बॅटरी कापून काढायला आणि नवी वायरने बोर्डापासून लांब बसवायला काका कुठेही जायचे. कुणी न बोलावताही. 1996 मध्ये गॉटलीबची मशिन निघायची थांबली, 1999 मध्ये विल्यम्स या दुसऱ्या मोठ्या कंपनीनेही पिनबॉल बंद केला, त्यामुळे जुने सुटे भाग ज्याच्याकडे असतील त्याच्याकडेच उरले. काकांकडे ते फिल्मच्या डब्यांमध्ये असायचे, चिठ्ठी लावून. मागणाऱ्याला डबी मिळायची. पैसे कधी घेतले नाहीत, फक्त जळका भाग परत मागायचे. जळलेल्या कॉइलची तार उलगडून ते नवी तार गुंडाळायचे, वेढे मोजत, आणि त्या वेळी कुणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत.

ते गेल्यावर आम्ही ठरवलं, त्यांनी किती मशिन दुरुस्त केली याची यादी करायची. ज्यांच्या ज्यांच्याकडे ते गेले होते त्यांना सांगितलं, मागचं दार उघडा, पाकीट शोधा, चिठ्ठीवरचं नाव कळवा. प्लग काढून, हेही सांगितलं.

पाकिटं सापडली. माझ्या मशिनमधली चिठ्ठी मीही तेव्हाच पहिल्यांदा उघडून वाचली. तारीख, बिघाड, तिसऱ्या चाकामागचा स्विच. आणि खाली, ‘दुरुस्ती केली’ याच्यापुढे, माझं नाव.

बाकीच्या चिठ्ठ्याही तशाच. कुठे घरमालकाचं नाव, कुठे त्याच्या आईचं. एका चिठ्ठीवर नावाशेजारी कंसात लिहिलंय, ‘वय 11, टॉर्चही हिनेच धरला’. काकांचं नाव एकाही कागदावर नाही. ती यादी अजून कोरीच आहे.

मशिन मात्र चालू आहेत. आमचं ते जुनं मशिन काल रात्री मी सुरू केलं आणि आवाज रेकॉर्ड करून आणला आहे. आधी चाकं वाजतील, मग मोटर. मोटर थांबली की थोडं थांबा, रेडिओ बंद करू नका. गोळी वर येते.